हिराजीचे ठिपके

आमच्या अंजूरात डोक्यावर ओझं घेऊन बांधावरून चालणारी माणसं मी जन्मभर पाहिली. भाताचे भारे, पाण्याचे हंडे, मासळीच्या पाट्या. पण घमेल्यात ट्रॅक्टरची बॅटरी ठेवून ते घमेलं डोक्यावर घेतलेला, बॅटरीची वायर कानामागून खाली आणून हातातल्या काळ्या डबीला जोडलेला, मान ताठ आणि डोळे मात्र डबीत, असा भर दुपारी शेत तुडवणारा माणूस एकच पाहिला. हिराजी केणी. माझा शेजारी. घराचाही आणि शेताचाही.

थोडं चालला की तो थांबायचा. थांबला म्हणजे पुतळाच. आपण हाक मारली तर एक हात वर करायचा, म्हणजे बोलू नको. डबीला आकाशातले उपग्रह दिसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात माणूस हलला तर ते बिचकतात, अशी त्याची पक्की समजूत. मग डबीवर बोट दाबायचा, श्वास सोडायचा आणि म्हणायचा, "ठिपका बसला."

ही डबी म्हणजे गाडीच्या काचेला रबरी वाटीने चिकटवतात ते रस्ता दाखवायचं जीपीएस. हिराजीने जुनी व्हॅन घेतली तेव्हा ते काचेवर आधीच होतं. आधीचा मालक काढायला विसरला असेल, नाहीतर कंटाळून मुद्दाम सोडून गेला असेल. हिराजीने व्हॅनच्या इंजिनाकडे पाहिलं नाही, टायर दाबून पाहिले नाहीत. डबीतली बाई हिंदीत "दाएँ मुड़िए" म्हणाली, हा उजवीकडे वळला, तिथे खरंच रस्ता होता, आणि माणूस कामातून गेला. तेव्हापासून त्याच्या तोंडी एक वाक्य बसलं ते बसलं. "मशीन खोटं बोलत न्हाय."

मला या वाक्याचा राग होता. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेवढं मला पुरलं. पुढची अठ्ठावीस वर्षं टेम्पो चालवला. भिवंडीच्या कारखान्यांतून कापडाचे तागे भरायचे आणि मुंबईच्या बाजारात उतरवायचे. माझ्या टेम्पोत कधी कोणती बाई बसून रस्ता सांगत नव्हती. चुकलो तर पानवाल्याला विचारायचं, तो बरोबर सांगतो, वर दोन गोष्टी जास्त सांगतो.

एकदा आम्ही दोघे अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर निघालो होतो. माझ्या गुडघ्यांसाठी. अंबाडी नाक्यावर मी म्हटलं सरळ. डबीतली बाई म्हणाली बाएँ. हिराजीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, गाडी डावीकडे घातली. रस्ता लहान होत गेला, मग पायवाट झाली, मग शेणाने सारवलेलं अंगण लागलं, आणि गाडी एका मांडवात जाऊन उभी राहिली. तिथे हळद चालू होती. बेंजोवाले वाजवायचे थांबले. नवरदेवाच्या बापाला वाटलं आम्ही मुलीकडचे. त्याने आम्हाला हाताला धरून पंक्तीला बसवलं. परत निघताना मी म्हटलं, "कुंड कुठं आहे रे?" हिराजी दातातलं काढत म्हणाला, "जेवण होतं ना? मशीन खोटं बोलत न्हाय."

आता तुम्ही म्हणाल, एवढं पटत नव्हतं तर त्याच्या गाडीत बसायचोच कशाला. त्याला कारण आहे. आमचं भांडण फक्त बांधापुरतं होतं.

हिराजीच्या शेताचं नाव टोकेरी आणि माझ्या शेताचं लांबडी. आमच्याकडे प्रत्येक खाचराला नाव असायचं, जसं घरात प्रत्येक पोराला असतं. टोकेरी आणि लांबडी यांच्या मध्ये एक बांध, आणि बांधाच्या टोकाला करंजाचं झाड. तो बांध माझ्या बापाच्या वेळेस जिथे होता तिथे शेवटी नव्हता. हिराजी म्हणायचा मी तो त्याच्या टोकेरीत एक हात सरकवला. मी म्हणायचो त्याने तो माझ्या लांबडीत एक हात सरकवला. दर वर्षी पावसाआधी बांध नीट करायचे दिवस आले की तो आपल्या बाजूने थोडा कोरायचा आणि पावसाने ढासळला म्हणायचा. मग मीही कोरायचो. सरकारी मोजणीदार तीनदा आला. दोघांच्या घरी जेवला, दगड लावला आणि गेला. तो दगड मी हलवला नाही. वाकडा होता, सरळ केला.

पण बांध सोडला तर माणूस माझा. त्याची बायको गेली तेव्हा तिरडीला पहिला खांदा मी दिला. माझ्या मुलीच्या हळदीला तो दोन दिवस हातात डाळीची बादली घेऊन पंक्तीत फिरत होता. तिसऱ्या दिवशी आमचं बोलणं बंद झालं, कारण जाता जाता तो म्हणाला, "मांडवाचा खांबसुदा तू माज्या हद्दीत रोवलास."

मग गोडाऊनवाले आले. आमच्या सगळ्या पट्ट्यातली शेतं गेली. कागद झाले, सह्या झाल्या. मी माझ्या बाजूने एक हात जमिनीचा विषय काढला, तर समोरचा साहेब हसला आणि म्हणाला, आजोबा, दोन्ही आमच्याकडेच येतंय ना. चाळीस वर्षांचं भांडण मुरमाखाली जाणार होतं आणि कोणाला त्याबद्दल एक शब्द विचारावासा वाटला नाही. मला शेत गेल्यापेक्षा त्याचा जास्त राग आला.

हिराजीने बॅटरी डोक्यावर घेतली ती त्याच दिवसांत. भरावाचे डंपर यायला अजून वेळ होता. त्याने ठरवलं, जेवढी खाचरं आहेत तेवढ्यांत जाऊन उभं राहायचं आणि नावानिशी ठिपका बसवायचा. डबीची आतली बॅटरी दहा मिनिटं टिकायची, म्हणून ट्रॅक्टरची. लांबडी, टोकेरी, मोरीवरची, करंजाखालची, खारी, बारा पेंढ्यांची. नाव माहीत नसेल तर गावातल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन विचारायचा. एका म्हातारीने नाव सांगायला तीन दिवस लावले, तर हा तीन दिवस तिच्या ओटीवर बसून राहिला. दीडशेच्या वर ठिपके झाले. आज आमच्या गावात कोणाला विचारा, तो सांगेल बी-सात, सी-अकरा. गोडाऊनचे नंबर. बारा पेंढ्यांची कुठे होती ते फक्त त्या डबीला ठाऊक.

आमच्या बांधावर तो आला तो दिवस मला पाठ आहे. मी करंजाखाली विडी ओढत बसलो होतो, म्हणजे बघत होतो. हिराजी बांधापाशी आला. उभा राहिला. बोट दाबलं. ठिपका बसला असं म्हणाला नाही. मग माझ्या लांबडीच्या दिशेने चार पावलं सरकला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा बोट दाबलं. मग माझ्याकडे न बघता निघून गेला.

मी काय ते समजलो. पहिल्या ठिपक्यात याचं पोट भरलं नाही. एक हाताची चोरी होती, ती चार पावलांची केली. आणि तीसुद्धा मशीनमध्ये, जे खोटं बोलत नाही.

अकरा वर्षं मी ते पोटात ठेवलं. विचारलं नाही. विचारणं म्हणजे मशीनला काही कळतं हे कबूल करणं. आणि त्यानेही कधी मला तो ठिपका दाखवला नाही. बाकी सगळे दाखवले.

गेल्या वर्षी डबी आजारी पडली. बोट लावलं तर अर्ध्याच काचेला समजायचं. चौथ्या-पाचव्या वेळेला चालू व्हायची. आतली बॅटरी फुगली होती, ती काढून टाकली, त्यामुळे वायरीतून करंट असेल तोवर जिवंत. तिच्यातला नकाशा तर जुनाच राहिला होता. डबी बनवणारे कधीच धंदा बंद करून गेले, नवा नकाशा देणार कोण. गोडाऊनच्या चौपदरी रस्त्यावरून व्हॅन चालायची आणि डबीत ती हिरव्या रानातून उडत जाताना दिसायची. बाई सारखी म्हणायची, मागे वळा. हिराजीच्या पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितलं, बाबा, ते फेका, तुमच्या मोबाइलमध्ये सगळं आहे.

"मोबाइल मना विचारतो, कुठं जायचंय," हिराजी मला म्हणाला. "यो विचारत न्हाय. याला ठाऊक हाय."

मग एका सकाळी तो माझ्या ओटीवर आला. घमेलं हातात, घमेल्यात बॅटरी. बसला नाही.

"दाम्या, चल भिवंडीला."

"कशाला?"

"मशीनमदी दुसरं सॉफ्टवेअर घालायचंय. रिपेरवाला इक्बालभाय म्हणतो, होतं. नवा नकाशा येल, नवे रस्ते येतील. पण आधी ठिपके काढून घ्यायला लागतील."

"आणि निघाले नाहीत तर?"

"तर गेले. परत बसवायचे कुठं उभं राहून? आत वाचमन सोडत न्हाय, आणि सोडलं तरी खाली काँक्रीट. बांध कुठला, वळण कुठलं, काय कळणार हाय?"

हे त्याचं खरं होतं. ते दीडशे ठिपके दुसरीकडे कुठेच नव्हते. कागदावर त्याने लिहिले नव्हते, कारण कागद खोटा करता येतो. मी शर्ट घातला आणि निघालो. मदत करायला निघालो असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मला बघायचं होतं. आमच्या बांधाचा ठिपका जातो की राहतो.

इक्बालभाईचं दुकान धामणकर नाक्याकडच्या एका गल्लीत. रिक्षाचे टेप, गाड्यांचे स्पीकर, असली दुरुस्ती. दुकानाच्या मागे लूमचा कारखाना, त्यामुळे भिंत दिवसभर हलते. भिवंडीचा माणूस त्या खडखडाटातच बोलतो, त्यातच झोपतो. आवाज थांबला तरच दचकतो.

इक्बालभाईने डबी उलटीसुलटी करून पाहिली. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. "चाचा, ये तो अजायबघर की चीज़ है।"

"चलता हाय," हिराजी म्हणाला.

"हो जाएगा। देखो, पहले आपके पॉइंट लैपटॉप में निकालूँगा। फिर पुराना सॉफ्टवेअर मिटाऊँगा, क्योंकि इसके पेट में जगह नहीं है। फिर दूसरा वाला डालूँगा। मुफ़्त वाला है, ट्रक लाइन के लोग डालते हैं। नक्शा नया, और पॉइंट जितने चाहो उतने।" मग त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "लेकिन एक बात। निकालते टाइम करंट टूटा, तो फ़ाइल टूटी। फिर मेरे हाथ में कुछ नहीं। ये इतनी कमज़ोर है कि एक ही बार चलेगी।"

त्याने भिंतीवरच्या प्लगकडे हात नेला. हिराजीने त्याचा हात धरला.

"लाइट पे भरोसा नहीं," हिराजी म्हणाला आणि घमेलं टेबलावर ठेवलं. टेबल दबलं. इक्बालभाई बॅटरीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले.

तारा जोडल्या. पण बॅटरीच्या एका टोकाची क्लिप झिजलेली होती. सोडली की घसरायची. चिकटपट्टी लावून पाहिली, सुतळी बांधून पाहिली. शेवटी हिराजीने माझा अंगठा धरला आणि क्लिपवर ठेवला.

"दाबून धर."

"तू धर ना."

"माजा हात कापतो," तो म्हणाला. त्याचा हात खरंच कापत होता. मी ते तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

काम सुरू झालं. लॅपटॉपवर एक निळी पट्टी आली आणि मुंगीच्या चालीने पुढे सरकू लागली. पट्टीच्या वर इंग्रजी अक्षरांत नावं येऊन जात होती. हिराजी सातवी शिकलेला, त्याला इंग्रजी अक्षरं लावता येतात. मला येत नाहीत. तो ओठांतल्या ओठांत वाचत होता. खारी. मोरीवरची. सुनेची. एकेक नाव म्हटलं की मान हलवायचा, जसं शाळेत हजेरी घेतात.

पट्टी अर्ध्यावर आली आणि मागच्या भिंतीचा खडखडाट बंद झाला.

एकदम. आधी मागचा कारखाना, मग समोरचा, मग आख्खी गल्ली. पंखा दोन फेरे मारून थांबला. लाइट गेली होती.

डबी चालू होती, बॅटरीवर. पण इक्बालभाईचा चेहरा पडला. त्याने लॅपटॉपच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "मेरा लैपटॉप सात-आठ मिनट निकालेगा। इसकी बैटरी भी बूढ़ी है।"

"और काम कितना बाकी हाय?"

"सात-आठ मिनट।"

त्या शांततेत मला माझं स्वतःचं रक्त अंगठ्यात ठोके देताना ऐकू येत होतं. क्लिप गरम होत होती. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायला दुसरा हात होता, पण पुसला तर अंग हलेल म्हणून पुसला नाही.

आणि तेव्हा तो विचार आला. लिहायला लाज वाटते, पण आला म्हणून लिहितो. अंगठा एवढासा उचलायचा. घाम आला, घसरला, म्हातारा माणूस आहे, कोण काय बोलणार. चार पावलांची चोरी पुसून जाईल. बांध कुठे होता याचा साक्षीदारच राहणार नाही, आणि माझी लांबडी माझ्या बापाने दिली तेवढीच्या तेवढी माझ्या डोक्यात राहील.

मी वर पाहिलं. हिराजी पट्टीकडे बघत नव्हता. माझ्या अंगठ्याकडे बघत होता.

त्याला कळलं होतं. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडलो त्याला माझ्या मनातलं कळणार नाही तर कोणाला. आवळून धर म्हणाला नाही, माझा हात धरायला पुढे आला नाही. नुसता बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी दुसरा अंगठा पहिल्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबला.

"तीन मिनट," इक्बालभाई म्हणाला. लॅपटॉपने एकदा टुं केलं. त्याने काच अंधुक केली, आणखी अंधुक केली. आता पट्टी दिसतही नव्हती, तो नाक काचेला लावून बसला होता. पुन्हा टुं झालं.

"इक्बालभाय, बोलो."

"बोलूँगा तो साँस से हिलेगा, चाचा।"

मग त्याने लॅपटॉपच्या पोटातून एक छोटं कार्ड ओढून काढलं आणि हातात वर धरलं. दुसऱ्या क्षणी लॅपटॉप काळा झाला. "आ गए। सब के सब।"

हिराजी खुर्चीवर बसला. मला अंगठा उचलायचा होता, तो उचलेना. इक्बालभाईने हळूच माझी बोटं सोडवली. क्लिपचे दात कातड्यात उमटले होते.

तासाने लाइट आली, भिंत पुन्हा हलू लागली, आणि पुढचं काम झालं. जुनं पुसलं, नवं भरलं. मध्येच डबीने चिनी अक्षरं दाखवली तेव्हा हिराजीने देवाचं नाव घेतलं, पण इक्बालभाईने चार ठिकाणी दाबून ती घालवली. सोबत त्याने सहज सांगितलं, "चाचा, इसका काँटा पुराना है। पाँच-दस मीटर इधर-उधर बताएगा। उतना चलता है।"

मी हिराजीकडे पाहिलं. आमचं भांडण एका हाताचं, आणि मशीनची चूक दहा मीटरची. हिराजी घमेल्याची कडी पुसत बसला. काही ऐकलंच नाही असं.

परत येताना डबी काचेवर होती. नवी बाई आता, आवाज कोवळा. गोडाऊनच्या रस्त्यावर लागलो तर डबीतही तोच रस्ता, तीच वळणं. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, गोडाऊनच्या छपरांवर, लाल ठिपके. सगळेच्या सगळे. एवढ्या पत्र्यांखाली आमची खाचरं आपापल्या जागी बसलेली. मी एवढंच म्हटलं, "बरं दिसतं." हिराजीला तेवढं पुरलं.

बी-सातच्या गेटसमोर, जिथे कंटेनर वळतात, त्याने गाडी उभी केली. मला जागा सांगायला मशीन लागत नाही. करंजाचं झाड तिथल्या भिंतीच्या आत अजून उभं होतं.

डबीत आमच्या गाडीच्या मागे एक ठिपका होता. पुढे एक ठिपका होता.

"कुठला बांधाचा?" मी विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"वाच ना."

"मला इंग्रजी येत नाही हे तुला माहीत आहे."

"मग दुसऱ्याकडून वाचून घे. मी सांगितलं तर तू म्हणशील खोटं."

गेटवरचा वॉचमन आमच्याकडेच येत होता, गाडी हलवा सांगायला. मी खाली उतरून डबी वायरीसकट काढून त्याच्यापुढे धरली. "भाईसाब, ये क्या लिखा हाय?"

तो बिहारकडचा माणूस, मिशीवाला, शांत. त्याने वाकून पाहिलं. "ये आगे वाला है, हीरा का बाँध। और ये पीछे वाला," त्याने ठिपका बोटाने मोठा केला, "दामू का बाँध।"

"दोनों?"

"हाँ, दो हैं। पहले दामू वाला डाला है, ऊपर एक नंबर लिखा है। बाद में हीरा वाला।"

मी गाडीत बसलो. पहिल्यांदा हिराजी जिथे उभा राहिला होता तो ठिपका माझा होता. मी म्हणायचो त्या जागेवर, त्याच्या स्वतःच्या टोकेरीत एक हात आत. मग लांबडीच्या दिशेने चार पावलं सरकून त्याने आपला बसवला होता.

"चार पावलं कशाला सरकलास? भांडण एका हाताचं होतं."

"मशीनला एका हातावरचं वेगळं दिसत न्हाय. दोन ठिपके एकावर एक बसत होते."

"माझा कशाला बसवलास पण?"

हिराजी समोरच्या पत्र्याकडे बघत होता. गेटवरून एक कंटेनर आमच्या मागे येऊन उभा राहिला. मग हिराजी म्हणाला, "पोरगा पुण्याला. त्याला बांध म्हणजे काय ठाऊक न्हाय. तुज्या पोरांना पण न्हाय. आता आपण दोघंच. तू आदी गेलास, तर तुज्या बाजूनं कोण बोलल?"

मी डबीकडे पाहिलं. मागे माझा ठिपका, पुढे त्याचा, मध्ये आमची व्हॅन. चाळीस वर्षं एक हाताचं भांडण होतं, ते मशीनने गाडीभर करून ठेवलं होतं. मला काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून असं निघालं, "तुझा ठिपका चुकलाय."

"काय?"

"करंज भिंतीच्या आत आहे ते बघ. बांध करंजाच्या अलीकडे होता. तुझा ठिपका तीन पावलं माझ्यात आलाय."

"मशीन खोटं बोलत न्हाय."

"मशीन नाही, तू बोलतोयस."

तो दार उघडून उतरला. मीही उतरलो. बोटं करंजाकडे, बोटं डबीकडे, हातवारे. कंटेनरवाल्याने हॉर्न दिला. वॉचमन म्हणाला, चाचा, आप दोनों का बाँध यहीं रहेगा, गाड़ी तो हटाओ। हिराजीच्या अंगात इतका जीव मी त्याची बायको गेल्यापासून पाहिला नव्हता.

गाडीत बसलो तेव्हा तो धापा टाकत होता. किल्ली लावायला हात पुन्हा कापला, मी न सांगता धरला.

"उद्या परत येऊ," तो म्हणाला. "बॅटरी भरून ठेवतो. पावलं मोजू."

"मोजू," मी म्हटलं. अंगठ्यावरच्या खुणा अजून लाल होत्या. "पण ती क्लिप बदल. नवी आण."

हिराजीने गाडी हळूच माझ्या ठिपक्यावरून मागे घेतली.

"कशाला?" तो म्हणाला. "तू हायस ना."